प्रति: क्रीडापानाला डिझायनर हवाच कशाला?
पेपरची पानं आता संगणकावरच्या तयार साच्यात आपोआप बसतात, डिझायनरचं काम संपलं, असं वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय. क्रीडापानापुरतं तरी मला हे पटत नाही. बाकीची पानं वेळेत छपाईला सुटतात. हे पान सामना संपेपर्यंत अर्धं उघडंच असतं. मुरलेला माणूस जिंकल्याचा आणि हरल्याचा असे दोन मथळे, दोन फोटो आधीच लावून ठेवतो. (सामना बरोबरीत सुटला की मग बघायची धावपळ!) पाच कॉलम आडवी जागा सोडावी आणि नेमका चांगला फोटो उभा निघावा, तिथे साचा हात टेकतो.

नोकऱ्या जाण्याची भीती मात्र खरी आहे. न्यूयॉर्क टाइम्सने २०२२ मध्ये ‘द अ‍ॅथलेटिक’ हे क्रीडाबातम्यांचं संकेतस्थळ ५५ कोटी डॉलरला घेतलं आणि २०२३ मध्ये स्वतःचा क्रीडाविभागच गुंडाळला. अनेक पेपर चालवणाऱ्या काही साखळ्या तर अनेक शहरांची पानं एकाच ठिकाणी लावतात. त्यात छपाईही लांबच्या प्रेसवर गेली की डेडलाइन अलीकडे येते आणि रात्रीचा निकाल सकाळच्या अंकात नसतोच. मग पेपर घ्यायचा कशाला? माझं मत विचाराल तर स्कोअर मोबाइलवर सोडा; पान मोठ्या फोटोला, ग्राफिकला आणि सामना कुठे फिरला त्या विश्लेषणाला द्या. त्याने नोकरकपात थांबेल असं नाही म्हणत मी.