'स्पोकन वर्ड' आणि 'स्लॅम'ला मराठीत काय म्हणावं?

नववीच्या मुलांना पुढच्या आठवड्यापासून स्पोकन वर्ड आणि स्लॅम पोएट्रीची, म्हणजे श्रोत्यांसमोर बोलून ऐकवायच्या कवितेची आणि तिच्या सामन्यांची, ओळख करून द्यायची आहे. माहिती आहे, व्हिडिओ आहेत, अडलंय ते शब्दापाशी. फळ्यावर मथळा काय लिहू? 'उच्चारित काव्य' लिहिलं तर मुलं पळतील. 'मौखिक कविता' म्हटलं की तोंडी परीक्षा आठवेल. 'बोली कविता' म्हणावं, तर ती अहिराणीतली किंवा मालवणीतली कविता झाली. कुणी सुचवेल का?

प्रतिसाद: 'वाचिक कविता' घ्या. नाट्यशास्त्रात अभिनय चार प्रकारचा सांगितलाय: आंगिक, वाचिक, आहार्य (वेशभूषा वगैरे), सात्त्विक. वाचिक म्हणजे वाणीने केलेला. शब्द तयार आहे आणि नेमका आहे.

प्रतिसाद: नेमका आहे, पण मुलांना 'वाचिक' ऐकून 'वाचणे'च आठवणार, आणि इथे तर कागद खाली ठेवायचाय. गंमत अशी की दोन्हींच्या मुळाशी 'वच्' हाच धातू, म्हणजे बोलणे. आपलं वाचन पुढे मुकं झालं, त्याला धातू काय करणार!
माझं मत 'बोलकविता'ला. बोलपट चालतो तर बोलकविता का नको?

प्रतिसाद: बोलकविता +१. पण त्याच शब्दात स्लॅम कोंबू नका. स्पोकन वर्ड हा कवितेचा प्रकार आहे, स्लॅम ही स्पर्धा. 'स्लॅम कविता लिहिली' हे 'फायनल मॅच लिहिली' म्हणण्यासारखं आहे. (बोलताना सगळेच तसं म्हणतात, मीही.)

सुरुवात शिकागोतली. मार्क स्मिथ नावाच्या बांधकाम कामगाराला रटाळ काव्यवाचनांचा कंटाळा आला होता. १९८६ साली त्याने ग्रीन मिल या जॅझ क्लबात दर आठवड्याला कवितेचा सामना भरवायला सुरुवात केली. नाव घेतलं खेळातून: ग्रँड स्लॅममधला स्लॅम. तेव्हा 'आपट-कविता' वगैरे भाषांतराच्या भानगडीत पडू नये. टेनिसमुळे स्लॅम आपल्याकडे आधीच रुळलाय, तसाच ठेवा. 'जुगलबंदी' कुणी सुचवेल म्हणून आधीच सांगतो, जुगलबंदीत दोघं एकमेकांना खुलवतात, गुण कुणी देत नाही. त्यापेक्षा 'कलगीतुरा' जवळचा, पण तिथे समोरच्याच्या सवालाला जवाब द्यावा लागतो. स्लॅममध्ये प्रत्येकाची कविता स्वतंत्र.

प्रतिसाद: नियमांचे शब्दही ठरवून टाका, मुलं आधी तेच विचारतात. कविता स्वतःची हवी. वेळ ३ मिनिटं, वर १० सेकंदांची सूट, त्यापुढे गुण कापतात. वेशभूषा नाही, वाद्य नाही, हातात वस्तू नाही. म्हणजे वरच्या चौघांतला 'आहार्य' बाद! परीक्षक ५, तेही प्रेक्षकांतूनच उचललेले. प्रत्येकाने ० ते १० मध्ये एक दशांशापर्यंत गुण द्यायचे, सर्वात वरचा आणि सर्वात खालचा आकडा सोडायचा, उरलेल्या तिघांची बेरीज. समजा ७.२, ८.१, ८.४, ८.६, ९.७ आले. ७.२ आणि ९.७ गेले, राहिले २५.१. जिवलग मैत्रिणीने दिलेले ९.७ असे वाया जातात हे कळल्यावर वर्गात जो हशा पिकतो तो बघण्यासारखा असतो.

'परीक्षक' शब्दाने मात्र मुलं ताठ होतात. मी 'पंच' म्हणते. पंच चुकतो हे सगळ्यांना मान्य असतं.

प्रतिसाद: स्पर्धेआधी एक कवी नुसता पंचांचा हात बसावा म्हणून कविता ऐकवतो, त्याचे गुण धरत नाहीत. इंग्रजीत त्याला बळी दिलेला कवी म्हणतात. 'सलामीचा कवी' कसा वाटतो?

प्रतिसाद: सलामीवीराच्या धावा धरतात हो! 'बळीचा बकरा' आयताच आहे, मुलं हौसेने होतील.

प्रतिसाद: चुटक्यांचंही आधी सांगून ठेवा. ओळ आवडली की टाळ्यांऐवजी चुटक्या वाजवतात, म्हणजे कवीचं पुढचं बोलणं बुडत नाही. आपल्याकडे चुटकी वाजवून बोलावणं हा अपमान. माझ्या वर्गात पहिल्याच मुलाने कविता थांबवून 'कोण रे तो?' असं विचारलं होतं.

प्रतिसाद: नामावर बराच खल झाला, मला क्रियापद जास्त महत्त्वाचं वाटतं. तेच मूल, तीच कविता. 'वाच' म्हटलं की कागद नाकाला लागतो. 'म्हण' म्हटलं की पहिलीपासूनची ती ठरलेली चाल सुरू होते, प्रत्येक ओळीच्या शेवटी हेल. 'सादर कर' हे तर सर्वात वाईट. लगेच उजवा हात आकाशाकडे, 'आई' आली की छातीवर.

एका मुलीची कविता बंद पडलेल्या लिफ्टवर होती. तिन्ही प्रकारे करून झाली, तिन्ही वेळा निर्जीव. शेवटी वैतागून मी म्हटलं, 'बाई गं, नुसतं सांग मला.' तिने कागद पाठीमागे धरला, माझ्याकडे बघितलं आणि तिसऱ्या ओळीपाशी खरोखरच थांबली, मला कळलं का ते बघायला.

वाचणे, म्हणणे एकट्याला जमतं. सांगणे म्हटलं की 'कोणाला?' हा प्रश्न येतोच, चतुर्थी लागतेच. तेव्हा मथळा काहीही द्या, सूचना देताना 'कविता सांग' म्हणा.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. आज पहिला तास झाला. फळ्यावर 'बोलकविता' लिहिलं, स्लॅम तसाच ठेवला. 'कविता सांगायची' म्हटल्यावर मागच्या बाकावरून लगेच आलं, 'कोणाला?' मी म्हटलं, तूच ठरव आणि उद्या त्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहून आण. बळीच्या बकऱ्यासाठी ६ जण तयार आहेत, स्पर्धेसाठी ४.

अवांतर: दोन वह्यांत 'स्लॅब पोएट्री' लिहिलेलं सापडलं. हाही बांधकामातलाच शब्द, म्हणून खोडला नाही.