रोमन सैन्यात भरतीचं वय १७: नियम की वस्तुस्थिती?

उत्खननवेडा (धागालेखक)
"रोमन शिपाई १७व्या वर्षी भरती व्हायचा" हे वाक्य जिथे तिथे वाचायला मिळतं. माझ्या मते १७ ही सक्तीची खालची मर्यादा होती, प्रत्यक्षातलं वय नव्हे. इ.स. १०३च्या फेब्रुवारीत इजिप्तच्या प्रीफेक्टने (रोमन राज्यपालाने) तिसऱ्या इट्युरियन कोहॉर्टकडे (सैन्याच्या एका तुकडीकडे) सहा नवे शिपाई धाडले. ते पत्र पपायरसवर (लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावर) टिकलं आहे. वयं अशी: २१, २२, २५, २०, २३, २२. सोबत ओळखीच्या खुणा, एकाच्या डाव्या भुवईवर व्रण. सतराचा एकही नाही.

जुनाजाणता
सहा जणांवरून पाच शतकांचा निकाल? कानीला कार्थेजच्या हॅनिबलने केलेल्या पराभवानंतर (इ.स.पू. २१६) डिक्टेटर (संकटकाळापुरता सर्वाधिकारी) जुनियस पेराने सतराच्या वरचे तर घेतलेच, पण त्याहून लहान मुलंही घेतली, शिवाय सरकारी पैशाने विकत घेतलेले ८,००० गुलाम. इ.स.पू. २१२ला माणसं पुन्हा पुरेनात. मग तिघा-तिघांची दोन मंडळं नेमली, एक रोमपासून ५० मैलांच्या आत, दुसरं बाहेर. त्यांनी बघायचं एवढंच, की मुलाला हत्यार पेलवतं का. पुढे लोकनेता गायस ग्राकसला सतराच्या आतली भरती बंद करणारा कायदा करावा लागला. कोणी मोडतच नसतं तर कायदा कशाला?

उत्खननवेडा
२१२चाच तपशील माझ्या बाजूने आहे. त्या मुलांची सेवा सतरा पूर्ण झाल्याप्रमाणे धरावी, असा ठराव मांडायला सांगितलं होतं. एरवी ती वर्षं मोजली जात नसत. पायदळाला वयाच्या ४६च्या आत १६ मोहिमांपर्यंत बांधील राहावं लागे. त्यात ही वर्षं न धरणं म्हणजे मुलाचं धडधडीत नुकसान. अपवाद होता म्हणूनच सवलत द्यावी लागली.

कवायत
वयापेक्षा शरीर बघा. रोमन युद्धशास्त्रावर लिहिणारा वेजेटियस नव्या शिपायांचा सराव सांगतो: दुप्पट वजनाची लाकडी तलवार आणि वेताची ढाल, ६० रोमन पौंड ओझं (साडेएकोणीस किलो), उन्हाळ्याच्या ५ तासांत २० रोमन मैल. रोमन तास म्हणजे उजेडाचा बारावा भाग, त्यामुळे उन्हाळ्यात मोठा, म्हणजे आजच्या सुमारे सव्वासहा तासांत तीस किलोमीटर. तो स्वतः मात्र वयात येतानाच मुलगा घ्यावा म्हणतो, शिकवलेलं लवकर अंगवळणी पडतं म्हणून. तेव्हा कोवळं पोर नकोच असायचं, हे मला पटत नाही.

शिलावाचक
थडग्यांवरून काढलेल्या सरासऱ्या इथे कृपया आणू नका. मृत्यूच्या वयातून सेवेची वर्षं वजा करून भरतीचं वय काढतात. पण ३०, ३५, ४० असे पाचाच्या पटीतले आकडे थडग्यांवरच्या लेखांत प्रमाणाबाहेर दिसतात, कारण घरच्यांना नेमकं वय ठाऊकच नसे. "वय ४५, सेवा २३" म्हणजे भरती २२व्या वर्षी. खरं वय ४३ असेल तर विसाव्या. या दोन वर्षांवरच तर आपला वाद चाललाय.
त्या मानाने पपायरसचं पत्र मला जास्त विश्वासाचं वाटतं. सहांपैकी पाचाच्या पटीत दोनच, बाकी २१, २२, २३, २२.

जुनाजाणता
हे मान्य. पण ते पत्र शांततेच्या काळातल्या एका प्रांताचं. हॅनिबल दारात असताना कुठली वयं लिहिली गेली, ते या सहा आकड्यांत कुठून दिसणार?