व्हाइट खानदानावरची डॉक्युमेंटरी ग्रुपमध्ये लावू का?

निखिल_गंगापूररोड: मंडळी सल्ला पाहिजे. आमचा एक छोटा ग्रुप आहे, महिन्यातून एकदा कोणाच्या तरी हॉलमध्ये प्रोजेक्टर लावतो, डॉक्युमेंटरी बघतो आणि नंतर मनसोक्त भांडतो. यावेळी निवडायची पाळी माझी आणि मी 'द वाइल्ड अँड वंडरफुल व्हाइट्स ऑफ वेस्ट व्हर्जिनिया' काढलीये, 2009 ची. बून काउंटी म्हणजे अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातला कोळसा खाणींचा डोंगराळ भाग, तिथलं हे बदनाम खानदान, नशेच्या गोळ्या, चाकू, गोळीबार, जेल सगळं घरातल्या घरात. एक बाई गोळ्यांची डबी खुळखुळवून सांगते की आमच्याकडे जोडीदाराला साद अशी घालतात, तिथे मी जाम हसलो. मग हॉस्पिटलचा सीन येतो. नुकती बाळंत झालेली पोरगी, खोलीत तान्हं बाळ, आणि ती गोळी कुटून नाकात ओढतेय. आपलं हसू जातं पण कॅमेरा हलत नाही. हे सगळ्यांसमोर लावलं तर आपण गरिबांचा तमाशा बघत बसलोय असं वाटेल का? दोन काकूपण असतात ग्रुपमध्ये.

सिन्नरफाटा: काकूंची काळजी सोड, त्या रोज जेवताना क्राइम सिरीयल बघतात 😄 पण तमाशा म्हणशील तर आहेच थोडा, निर्माते 'जॅकास'वाले आहेत, म्हणजे तो जीवघेण्या खोड्यांचा अमेरिकन टीव्ही शो करणारे. आधी 1991 ची 'डान्सिंग आउटलॉ' बघ, तिकडच्या पब्लिक टीव्हीवाल्यांनी केलेली. त्यात याच घरातला जेस्को आहे पण नाचणारा म्हणून. त्याचा बाप डी. रे व्हाइट हा त्या डोंगरातल्या नाचातला नावाजलेला माणूस, 1985 मध्ये गोळी घालून मारला त्याला. बुटाखाली पत्रा, पायाखाली लाकडी फळी आणि वरचं अंग ढिम्म, सगळा ठेका पायात. ते बघितलं की 2009 वाल्यात काय वाया गेलंय ते कळतं.

अंबड_एमआर: मी औषध लाइनमध्ये आहे म्हणून वेगळं सांगतो. ऑक्सिकॉन्टिन ही अफूच्या जातीची वेदनाशामक गोळी 1996 ला बाजारात आली आणि असल्या खाणपट्ट्यात, जिथे निम्म्या लोकांची कंबर गेलेली, तिथे डॉक्टरांनी धडाधड लिहून दिली. सवय कमी लागते असं सांगून विकली होती. 2007 ला ती बनवणाऱ्या पर्ड्यू कंपनीने कोर्टात गुन्हा कबूल केला, 60 कोटी डॉलरच्या वर भरले. त्यामुळे नुसतं खानदान वाया गेलेलं असं म्हणत बघितलं तर अर्धी गोष्ट सुटते. आणि त्या डी. रे बापाने पोरांना सरकारी अपंगत्वाचे चेक लावून दिले त्यावर लोक हसतात, अरे पण खाणीत उतरून मरण्यापेक्षा घरबसल्या चेक बरा हा हिशोब त्याने खाणीच्या दारात राहून केला ना. आपल्याकडे निराधारच्या यादीत नाव लावायला किती चपला झिजतात ते विचारा तहसीलमध्ये.

नांदूरकर: बदनाम खानदान म्हटलं की मला आपले राघोजी भांगरे आणि भागोजी नाईक आठवतात. इंग्रजांच्या कागदात दोघंही दरोडेखोरच. राघोजींना 1848 ला ठाण्यात फाशी दिली, आज आपण त्यांना आद्य क्रांतिकारक म्हणतो. कोण लिहितंय त्यावर असतं.

सिन्नरफाटा: दादा आदर आहे पण ही तुलना नको. ते सावकाराच्या आणि सरकारच्या विरोधात उठले. हे व्हाइट लोक भोसकतात कोणाला तर स्वतःच्याच माणसांना. तिथला उठाव बघायचा तर शेजारच्या लोगन काउंटीत 1921 ला ब्लेअर माउंटनवर हजारो खाणकामगार बंदुका घेऊन कंपनीविरुद्ध उभे राहिले होते. कंपन्या पगारसुद्धा स्वतःच्या टोकनमध्ये द्यायच्या, ते चालणार कंपनीच्याच दुकानात. आता ती युनियनची ताकद गेली, उरली ती सरकारवरची खुन्नस, आणि तिला पिक्चरवाल्यांनी बंडखोरी म्हणून विकलं. माझा राग या घरावर कमी, त्या विकण्यावर जास्त आहे.

नांदूरकर: हे पटलं. तरी लाव रे निखिल, भांडायला मसाला आहे.

निखिल_गंगापूररोड: ठरलं, आधी डान्सिंग आउटलॉ, मग चहा, मग ही. एमआर दादा तुम्हीच या की त्या दिवशी, गोळ्यांचं तुम्ही सांगा, मी बोललो तर कोणी ऐकणार नाही.

अंबड_एमआर: येतो, रविवार असेल तर. आणि सबटायटल विसरू नको, त्यांचं इंग्रजी तुमच्या काकूंनाच काय मलापण झेपणार नाही.