निळ्या पोलिश कोंबड्यांना तीन रंगांची पिल्लं, त्यात काही बिनटोपीची. आता जोड कशी लावू?

धायरीचा_खुराडेवाला
नमस्कार मंडळी. गच्चीवर पक्षी पाळतो. हिवाळ्यात पांढऱ्या टोपीची (म्हणजे डोक्यावरच्या पिसांच्या झुबक्याची) निळी पोलिश घेतली, एक कोंबडा आणि दोन तलंगा. देणाऱ्याने "शुद्ध निळी लाइन" म्हणून दिली. अंडी मशीनला लावली, तर साधारण निम्मी पिल्लं निळी, काही काळी कुळकुळीत आणि काही पांढरट राखी निघाली. दोन-तीन पिल्लांच्या डोक्यावर टोपीखालचं टेंगूळच नाही, अगदी गावठी दिसतात. मला सगळी निळी आणि भरदार टोपीची लाइन उभी करायची आहे. मित्र म्हणतो, सिल्कीचा (रेशमी पिसांच्या जातीचा) कोंबडा लाव, टोपी भरेल. आणखी एक, तलंगांच्या टोपीत पुढे कपाळाशी काळी पिसं आहेत. तो दोष धरायचा का?

सासवडचे_काका
रंगाच्या बाबतीत तुम्हाला कोणी फसवलेलं नाही. निळा रंग असाच वागतो. निळ्या पक्ष्यात निळेपणाचा एकच डोस असतो, म्हणून निळा गुणिले निळा केलं की सरासरी निम्मी निळी, पाव काळी आणि पाव पांढरट येतात. त्या पांढरटांना स्प्लॅश म्हणतात, त्यांच्यात दोन डोस असतात. "सगळी निळी" हवी असतील तर स्प्लॅश आणि काळा अशी जोड लावा, शंभर टक्के निळी. तेव्हा ती पांढरट पिल्लं कमी भावात काढून टाकू नका, तुमच्या कामाची तीच आहेत. काळीही सांभाळा. निळ्याच्या घरातली काळी पूर्ण काळीच असतात, आत निळं काही दडलेलं नसतं.

खरी काळजी बिनटोपीच्या पिल्लांची आहे. टोपीचा गुण अर्धवट प्रभावी. दोन्हीकडून आला तर टोपी भरते, एकाच बाजूने आला तर लहान राहते. टोपीवाल्या जोडीला बिनटोपीचं पिल्लू होतं, तेव्हा आई आणि बाप दोघांतही साधं, म्हणजे बिनटोपीचं रक्त असतं. कोंबडा सगळ्या पिल्लांचा बाप, म्हणून तो आधी बदला. तो दिसायला कितीही देखणा असो, त्याला पैदाशीत ठेवू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो. दोन तलंगांपैकी कुणाचं रक्त साधं आहे, ते अंडी वेगळी केल्याशिवाय कळणार नाही. पोलिशची अंडी पांढरी, नुसती बघून ओळखू येत नाहीत. दोघींना वेगळ्या खुराड्यात ठेवा, अंड्यावर पेन्सिलीने खूण करा आणि शेवटच्या तीन दिवसांत मशीनमध्ये जाळीचे कप्पे करा. पिल्लू बाहेर आलं की लगेच पायात रंगीत रिंग.

निवड पहिल्याच दिवशी सुरू होते. टेंगूळ जितकं मोठं आणि गोल, तितकी पुढे टोपी भरदार. पिसं त्या उंचवट्यावर येतात, त्याच्या खाली कवटीचं हाडच फुगलेलं असतं आणि पुष्कळदा त्यात भोकं असतात. डार्विनने १८६८ साली पोलिशच्या कवट्यांचं वर्णन केलंय ते याच कारणाने. म्हणून पोलिशच्या पिल्लांत गावठी पिल्लं सोडू नका, डोक्यावर एक चोच वर्मी बसली तरी पिल्लू जातं. तुराही पाहा. पोलिशचा तुरा दोन बारीक शिंगांसारखा, इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा असतो. साधा करवती तुरा दिसला तर बाहेरचं रक्त आहे असं समजा.

सिल्की मात्र नको. तिच्यातून पाचवं बोट येतं, काळी कातडी येते, पायावर पिसं येतात, आणि ही लक्षणं पहिल्याच पिढीत दिसतात. रेशमी पिसांचा गुण तर दबून बसतो आणि दोन पिढ्यांनी, तुम्ही विसरल्यावर, वर येतो. टोपीसाठी बाकीचं अंग बिघडवून चालत नाही. आधी ठेवण, मग रंग. रंग एका जोडीत बसवता येतो, कवटी आणि टोपी जमायला पिढ्या जातात.

कपाळाची काळी पिसं पांढऱ्या टोपीच्या जातीत असतातच. त्यावरून पक्षी बाद करू नका.

मुळशीची_पक्षीताई
काकांशी सहमत. पावसाचं मी सांगते. आमच्याकडे जून ते सप्टेंबर टोपी ओली राहिली की कुबट वास येतो, आत उवा होतात, डोळे चिकटतात. पाण्याला उघडं भांडं अजिबात नको, चोच लावली की थेंब देणारं निपल लावा. तूस ओलं झालं की त्याच दिवशी काढा. ज्यांना प्रदर्शनात न्यायचं नाही, त्यांच्या डोळ्यांसमोरची पिसं कात्रीने कमी करा. पोलिशला वरून येणारी घार दिसत नाही, तेव्हा गच्चीला जाळी हवीच. मानमोडीची लासोटा लस डोळ्यात टाकताना आधी टोपी बाजूला करा, नाहीतर थेंब पिसांवरच जिरतो.

धायरीचा_खुराडेवाला
काका, ताई, मनापासून आभार. एक काळा कोंबडा मिळतोय, डोकं गोल, तुरा व्ही. पण त्याची टोपी तलंगांसारखी गोल नाही, विस्कटलेली आहे. घेऊ का?

सासवडचे_काका
कोंबड्याची टोपी गोल नसतेच. मादीची पिसं रुंद, म्हणून टोपी गोल भरते. नराची लांब, अरुंद, मानेच्या पिसांसारखी, ती चहूकडे पडतात. मधोमध फट न पडता दाट पडत असतील तर कोंबडा चांगला. मात्र त्याची पूर्ण पिसं आलेली असावीत, चार महिन्यांच्या नरावरून काही ठरवू नका. आई-बाप किंवा भावंडं बघायला मिळाली तर बघाच, त्यात एकही बिनटोपीचं दिसलं तर सोडून द्या.

घेतलात तर आत्ता निळ्या तलंगांवर लावा, निम्मी निळी आणि निम्मी काळी येतील. तुमच्या स्प्लॅश पिल्लांत जी मादी सर्वांत मोठ्या टेंगळाची निघेल, ती मोठी झाली की त्याच कोंबड्याखाली द्या. आणि निळ्यांना दुपारची सावली हवी. एप्रिल-मेच्या उन्हात पाठीवरची पिसं तांबूस पडतात, मग खरा रंग कोणता हे पिसं झडून नवी आल्याशिवाय सांगता येत नाही.