कंबर फिरवा, पुढे ढकलू नका
गोल्फमध्ये फटका बिघडतो या प्रश्नावर, कंबर अजून जोरात फिरवा, असं एकाने सुचवलंय. पण चेंडू कधी उजवीकडे जातो, कधी थेट हॉसेलला (क्लबचा, म्हणजे गोल्फच्या काठीचा, दांडा डोक्याला जुळतो तिथे) लागतो, म्हणजे दोष वेगाचा नाही. डाउनस्विंगमध्ये, म्हणजे क्लब खाली आणताना, कंबर चेंडूकडे सरकते, पाठ ताठ होते आणि हातांना जागाच उरत नाही.

क्लब बाजूला ठेवा. हात छातीवर दुमडून, स्विंगसाठी वाकतो तसं वाकून, दोन्ही कुल्ले भिंतीला जेमतेम टेकवा. उजव्या हाताने खेळत असाल तर बॅकस्विंगला (क्लब मागे नेतो तशी हालचाल) उजवा कुल्ला भिंतीवर रेलायला हवा. खांदे साधारण ९० अंश वळवा, कंबर ४५. खाली येताना आधी भार डाव्या पायावर, मग डावा कुल्ला भिंतीला. मधेच दोन्ही सुटले तर कंबर पुन्हा पुढे गेली समजा. रोज २० वेळा, अगदी सावकाश. आणि उजवी टाच लवकर उचलू नका, गुडघा चेंडूकडे धावतो तो तिथूनच.