मदत हवी आहे: थेरपीचा फायदा होतोय, पण माझं घर थेरपिस्टना कळत नाही असं वाटतं. बोलावं की बदलावं?

नमस्कार. वडील गेल्यानंतर माझी झोप उडाली, छातीत धडधड व्हायची, चारचौघांत रडू यायचं. म्हणून थेरपी सुरू केली. फायदा होतोय हे आधी सांगते. धडधड कमी झाली आहे, रात्री झोप लागते. थेरपिस्ट मन लावून ऐकतात, घाई करत नाहीत. माझ्या मनात त्यांच्याविषयी आदर आहे, म्हणूनच पुढचं लिहिणं जड जातंय.

आई माझ्याजवळ राहते. वडिलांच्या आजारपणात थोरला भाऊ मला जे बोलला ते मनातून जात नाही. सेशनमध्ये हा विषय निघाला की शेवटी एकच प्रश्न येतो, "आईचं राहू द्या, तुम्हाला काय हवंय?" आणि मी अडते. आईला बाजूला ठेवून मला उत्तर सुचतच नाही. तिला शांत झोप लागावी, हेच मला हवंय. असं म्हटलं की त्या सांगतात, ही दुसऱ्यांना खूश ठेवायची सवय आहे, हळूहळू सोडवू. ऑफिसात मी कुणालाच नाही म्हणू शकत नाही, तिथे हे शंभर टक्के पटतं. आईच्या बाबतीत पटत नाही. तिचं करणं हे माझं दुखणं नाहीच, उलट त्याच्याच आधारावर मी उभी आहे. दुखतंय ते भाऊ बोलला आणि मी काहीच बोलू शकले नाही, ते. पण तिथवर आम्ही पोचतच नाही. मी मान डोलावते, वेळ संपते.

दुसरं, स्वतःशी मायेने बोलायचा सराव. डोळे मिटून, हात छातीवर ठेवून. इतरांना याने बरं वाटतं म्हणे, मला गुदमरतं. घरात कुणी कुणाशी असं बोललेलं मी ऐकलेलं नाही. माया होती, पण ती कामातून दिसायची.

हा माझाच आतला विरोध आहे, की थेरपीने माझ्या घराकडे वेगळ्या नजरेने पाहायला हवं? हे त्यांना कसं सांगावं? की आपल्यासारख्याच घरातून आलेल्या थेरपिस्ट शोधाव्यात? ज्यांनी अनुभव घेतला आहे त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद १

मी समुपदेशन करते. थेरपिस्टना न भेटता निदान करणार नाही, पण तुम्ही लिहिलेलं मला ओळखीचं वाटलं.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बोर्डिन यांनी 1979 मध्ये थेरपिस्टबरोबरच्या जुळणीचे तीन भाग सांगितले: आपुलकीचं नातं, कशासाठी काम करायचं यावर एकमत, आणि कोणत्या रीतीने करायचं यावर एकमत. तुमचं नातं जुळलंय, एकमत झालेलं नाही. पहिलं चांगलं असलं की उरलेलं बोलायला संकोच वाटतो, कारण समोरच्याला दुखवायचं नसतं. मान डोलावून आत मागे सरकणं ही या कामातली नेहमीची गोष्ट आहे. जेरेमी सॅफ्रन आणि क्रिस्टोफर म्युरन या मानसशास्त्रज्ञांनी थेरपिस्टबरोबरची जुळणी अशी तुटण्यावर बरंच काम केलं आहे. ही तूट उघड बोलून सांधली, तर ते सांधणंही उपचाराचाच भाग होतं. तुमच्या बाबतीत तर जास्तच, कारण गप्प बसावं लागणं हीच तुमची जखम आहे.

संस्कृतीबद्दल. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 मध्ये निदान-पुस्तिकेची पाचवी आवृत्ती काढली, तेव्हा तिच्यात 16 प्रश्नांची एक मुलाखत दिली. आपली अडचण तुम्ही घरच्यांना कोणत्या शब्दांत सांगाल, असं तिच्यात सुरुवातीलाच विचारतात. शेवटचा प्रश्न असा, की वेगवेगळ्या पार्श्वभूमीमुळे आपल्या दोघांत गैरसमज होईल अशी काळजी वाटते का? म्हणजे तुमची शंका विचारात घेणं हे थेरपिस्टचं कामच आहे. आणि सारख्या घरातली थेरपिस्ट मिळाली म्हणून हे आपोआप सुटत नाही. "मला माहीत आहे तुमच्याकडे कसं असतं" असं समजून ती विचारायचंच सोडून देऊ शकते.

एक विचारते, रागावू नका. घरात कुणाची भीती वाटते का? वाटत असेल तर "घर आधी" याच्या आड बरंच काही दडतं, आणि मग थेरपिस्टचा तो प्रश्न अगदी योग्य आहे.

प्रतिसाद २

गुदमरण्याबद्दल. माझंही असंच व्हायचं. मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट यांनी करुणेवर आधारलेली थेरपी घडवली तीच मुळी खूप लाज आणि स्वतःवर सतत टीका करणाऱ्यांसाठी. अशी माणसं समजुतीचे विचार नीट मांडतात, पण आतला आवाज कोरडा, कधी दरडावणारा राहतो, हे त्यांनी पाहिलं होतं. करुणेची भीती मोजायच्या प्रश्नावल्या त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केल्या. स्वतःवर करुणा करण्याची भीती, दुसऱ्याची करुणा स्वीकारण्याची आणि दुसऱ्यावर करण्याची, तिन्ही वेगळ्या. तेव्हा यात तुमचं काही चुकत नाहीये.

मला उपयोग झाला तो डोळे उघडे ठेवून, थोडाच वेळ, आणि माया आधी दुसऱ्या कुणासाठी आठवून. शब्दांनी जमत नव्हतं, कृतीने जमलं. तुम्ही आईचं पांघरूण ज्या हाताने सारखं करता, त्याच हाताने स्वतःचं करून बघा. आणि गुदमरणं वाढलं तर तिथेच थांबा, रेटू नका. पुढच्या सेशनला तेच सांगा.

धागाकर्ती

दोघींचे मनापासून आभार. नाही, घरात भीती नाही. भावाचा राग येतो, भीती वाटत नाही.

तोंडाने बोलायला गेले की मी पुन्हा हो म्हणेन, म्हणून लिहून नेणार आहे. मसुदा असा: "तुमच्याकडे आल्यापासून मला बरं वाटतंय. आईची काळजी ही माझी अडचण आहे असं आपण धरून चाललो आहोत, ते मला पटत नाही. मला भावासमोर बोलता आलं नाही, त्यावर काम करायचं आहे. आणि डोळे मिटून करायचा सराव सध्या थांबवू या." उद्धट वाटतं का? कमी-जास्त काही सुचवाल?

आणखी एक. आईला एखाद्या सेशनला सोबत नेलं तर चालतं का? तिला न्यायचं ते माझ्याबद्दल विचारायला नव्हे. वडिलांविषयी आम्ही दोघी अजून एकत्र बोललेलोच नाही. कुणी असं केलं असेल, तर आधी थेरपिस्टशी काय ठरवून घेतलंत तेवढं सांगा.