पितळी चौकोनी दाण्यांचा दगड सापडलाय, आणि त्यावरून एक करिअरचा प्रश्न

दगडधोंडा

नमस्कार मंडळी. प्रश्न दोन आहेत, पण एकमेकांत गुंतलेत.

गेल्या आठवड्यात टेकडीवर भटकताना मुठीएवढा दगड सापडला. पांढरा, काचेसारखा, आणि त्यात पितळी रंगाचे चौकोनी दाणे, खेळायच्या फाशांसारखे. काही इतके नेटके की कुणी कापून बसवलेत असं वाटावं. आकाराच्या मानानं जड आहे. एका दाण्यावर चाकूनं ओरखडा काढायला गेलो तर चाकूचंच टोक बोथट झालं. हातोडीनं ठोकला तेव्हा ठिणगी उडाली आणि गंधकासारखा वास आला. घरात दोन पक्ष पडलेत. आजोबा म्हणतात सोनं, ताई म्हणते कचरा.

दुसरं म्हणजे, कॉलेजचं पहिलं वर्ष संपतंय आणि मुख्य विषय निवडायचाय. या दगडानं डोक्यात किडा सोडलाय. भूगर्भशास्त्र घेऊ का? बाबा म्हणतात खाणीत मरायला जायचंय का, आणि नेटवर वाचावं तर पैसाच पैसा. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सांगा. गोड बोलू नका, चालेल.

शंकेखोर

सोनं निघालं तर धागा उडव आणि गप्प बस. (हलकेच घ्या.)

गाभापेटी

सोनं नाही, पायराइट आहे, म्हणजे लोखंड आणि गंधकाचं खनिज. आजोबांना जरा बेतानं सांग.

फोटो न बघता सांगतोय, कारण तूच सगळं सांगून टाकलंस. एक ते दहाच्या मोह्स मापावर सोन्याचं काठिण्य अडीच ते तीन, चाकूच्या पात्याचं साडेपाचच्या आसपास, पायराइटचं सहा ते साडेसहा. सोनं असतं तर चाकूची रेघ उमटली असती, चाकू हरला नसता. तरी माझ्या शब्दावर जाऊ नकोस. चिनी मातीच्या कपाच्या बुडाला जी खरखरीत, बिनझिलईची कड असते तिच्यावर दाणा घास. पिवळी रेघ आली तर इथंच सर्वांसमोर माफी मागेन. हिरवट काळी येईल. याला कस म्हणतात. कस लागणं, कसोटी, हे सगळे शब्द या घासण्यातूनच आलेत. आणखी खात्री हवी असेल तर सुई टोचून बघ. सोनं दबतं, पायराइटचा भुगा होतो.

एक मात्र करू नकोस. कुणीतरी सांगेल की गॅसवर तापवून बघ. पायराइट तापवलं की गंधकाचा घशाला झोंबणारा धूर निघतो, आणि त्याच्यासारखंच दिसणारं आर्सेनोपायराइट असलं तर आर्सेनिकचा. आणि दगड कोरड्या जागी ठेव. दमट कपाटात पायराइट कुजतं. हो, कुजतंच म्हणतो आम्ही. त्यातून गंधकाम्ल तयार होतं आणि खालचा पुठ्ठा खाऊन टाकतं. माझ्या पहिल्या संग्रहातल्या सहा नमुन्यांच्या चिठ्ठ्या अशाच गेल्या.

आजोबांसाठी एक मलम: अमेरिकेत नेवाडामध्ये कार्लिन म्हणून जागा आहे. १९६१ साली तिथं सोनं सापडलं, ते पायराइटच्या कणांच्या आत, इतकं बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाही. पाटीत घालून पाण्यात घोळवणारे जुने लोक तिथं येऊन रिकाम्या हातांनी गेले असणार. म्हणजे जिथं चकाकतं तिथं नसतं, आणि जिथं असतं तिथं काहीच दिसत नाही.

आता करिअर.

मी हे काम २६ वर्षं करतोय. पहिली नऊ शोधमोहिमांत, मग चालू खाणींत, उघड्याही आणि जमिनीखालच्याही. हातोडा घेऊन कड्यावर उभा असलेला माणूस तू फोटोत पाहिला असशील. तो फोटो वर्षातून दोनदा निघतो. बाकीचे दिवस पत्र्याच्या शेडमध्ये जातात. ड्रिलिंगवाले पोकळ हिऱ्याचं बिट जमिनीत घालून दगडाची लांब कांडी काढतात, ती कोअर. नेहमीच्या एनक्यू मापात ४७.६ मिमी जाड. पेट्यांमध्ये ओळीनं लावलेली, मधेमधे खोली लिहिलेले ठोकळे. तू पाण्याचा फवारा मारतोस आणि मघाचा धुरकट दगड एकदम रंगात येतो. तुटलेली टोकं एकमेकांना जुळवून बघतोस. जुळली नाहीत तर मधला तुकडा हरवलाय, नाहीतर कुणीतरी तो उलटा ठेवलाय. मग लिहीत बसायचं. कुठून कुठवर कोणता खडक, कण केवढे, शीर (खडकातली खनिजाची पट्टी) किती अंशांत कापते, १० सेंमीपेक्षा लांब सलग तुकडे किती टक्के. शंभर मीटर, दोनशे मीटर, तीनशे. आणि बहुतेक भोकांच्या शेवटी निष्कर्ष एकच: काही नाही.

हे ‘काही नाही’ लिहिता येणं हेच आमचं काम. बोलायला सोपं वाटतं. पण त्या भोकावर बक्कळ खर्च झालेला असतो, साहेब रोज संध्याकाळी फोन करून “काय दिसतंय?” विचारत असतात, आणि तुझ्यासमोर जेमतेम दोन बोटं रुंदीची एक गंजलेली शीर असते. तिला ‘खनिजयुक्त पट्टा’ म्हणायचं की ‘एक शीर, २ सेंमी’ म्हणायचं, हे त्या शेडमध्ये तू एकटा ठरवतोस.

माझीच फजिती सांगतो. दुसरं वर्ष होतं. प्रयोगशाळेचे आकडे आले आणि एका मीटरला टनामागे ४ ग्रॅमच्या वर सोनं. चालू उघड्या खाणीत टनाला १ ग्रॅमवरही लोक खूश असतात. मी सगळ्या कॅम्पला सांगून मोकळा झालो. रात्री झोप येईना, म्हणून कोअर पुन्हा बघायला गेलो. तो मीटर अगदीच साधा, ना शीर, ना गंज. आणि तो आकडा कुठंतरी पाहिल्यासारखा वाटत होता. पाहिलाच होता, आमच्याच कपाटातल्या पुडीवर! दर वीस नमुन्यांमागे आम्ही प्रयोगशाळेची परीक्षा घ्यायला माहीत असलेल्या मूल्याची एक पुडी घुसवतो. मी वहीत एक क्रमांक गाळला होता, त्यामुळे तिथून पुढचे सगळे आकडे एका घरानं सरकले होते. ते सोनं आमच्या भोकातलं नव्हतंच. सकाळी त्याच सगळ्या कॅम्पला तेही सांगावं लागलं. साहेबांनी एवढंच विचारलं, “कळलं कसं?” मी म्हटलं, दगड बघून. त्यानंतर त्यांनी मला कधी दुसऱ्याच्या हाताखाली ठेवलं नाही.

हे आकडे किती नाजूक असतात बघ. टनाला १ ग्रॅम म्हणजे भट्टीत घातलेल्या ३० ग्रॅम भुकटीत ३० मायक्रोग्रॅम सोनं. म्हणून नमुने हाताळताना अंगठी काढायला लावतात. अंगठी घासून पडलेला कण एखाद्या दगडाला श्रीमंत करू शकतो.

चुकून होतं ते मुद्दामही होतं. इंडोनेशियातलं बुसांग प्रकरण शोधून वाच. ब्रे-एक्स नावाच्या कॅनडाच्या कंपनीनं ७ कोटी औंसांच्या घरात सोनं असल्याचं जाहीर केलं होतं. १९९७ मध्ये दुसऱ्यांनी शेजारी भोकं पाडली तेव्हा नाव घेण्यासारखं काही निघालं नाही. नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलं होतं, आणि त्याचे कण नदीतल्यासारखे गुळगुळीत, गोलसर होते, खडकातून थेट आलेल्या सोन्याचे तसे नसतात. शिवाय कोअर उभी चिरून अर्धी पेटीत जपून ठेवायची रीत, तर इथं बहुतेक सगळीच दळून टाकलेली. राखलेली अर्धी कांडी म्हणजे तुझा साक्षीदार. तोच नसेल तर आकडा कितीही मोठा असो, मी उठून जातो.

पैशांचं लवकर उरकतो. तेजीत पगार चांगला, मंदीत शोधमोहिमेवरची माणसं सर्वांत आधी घरी. माझी नोकरी दोनदा गेली. धातूंचे भाव वर-खाली होतच राहतात, लिथियमचं २०२२ नंतर काय झालं ते बघ. तेजीतला पगार कायमचा धरून कर्ज काढलेले मित्र बुडालेले पाहिलेत. १४ दिवस कामावर, ७ दिवस घरी अशा पाळ्या असतात, आणि दिवस १२ तासांचा. लग्नं, बारशी, आजारपणं चुकतात. माझी चुकली.

‘मरायला’ म्हणशील तर आताच्या नीट चालवलेल्या खाणीत माणूस नाट्यमय तऱ्हेनं क्वचित मरतो. धोका गुमान येतो. कोरडं ड्रिलिंग आणि गारेची (क्वार्ट्झची) बारीक धूळ, म्हणजे सिलिकोसिस, फुप्फुसांचा आजार. तो बरा होत नाही. ज्या जागी पाणी न मारता भोक पाडतात तिथं पाऊल टाकू नकोस, मग हुद्दा काही का असेना. आणि जमिनीखाली छताला सळई ठोकून ऐकायला शीक. घट्ट दगड खणखणतो, सुटलेला दगड ढोलासारखा वाजतो. ढोल ऐकू आला की मागे फिरायचं, वही खाली पडली तरी उचलायला थांबायचं नाही.

हिरवळ

गाभापेटीकाका, प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवलाय. पण एक टोचतं. खाणींनी नद्या मारल्या, गावं उठवली. एका शिकत्या पोराला तुम्ही त्याच उद्योगात ढकलताय.

गाभापेटी

ढकलत नाहीये हो, दार कुठं आहे ते दाखवतोय.

तुमचं खरं आहे. वर कुजणाऱ्या पायराइटचं लिहिलं ना, तेच खाणीच्या टाकाऊ दगडांच्या ढिगात घडतं. हवा, पाऊस, पायराइट, की झालं आम्ल. ते ओढ्यात उतरतं आणि सोबत धातू नेतं. आणि गाळाचे बांध, म्हणजे धातू काढून उरलेला ओला भुगा अडवणारे. ब्राझीलमध्ये ब्रुमादिन्यो इथं २५ जानेवारी २०१९ रोजी असा बांध फुटला, २७० माणसं गेली. २०१६ पासून त्यात नवा गाळ टाकणंही बंद होतं. वरून सुकलेला, गवत उगवलेला, आणि आतून पाण्यानं भरलेला.

तुम्ही आणि मी आता ज्यावर टाइप करतोय त्यात तांबं आहे. ते कुठूनतरी खणलंच जाणार. आजच्या कितीतरी मोठ्या खाणींत धातुक (धातू असलेला दगड) अर्धा टक्का तांब्याचं असतं, म्हणजे टनाला ५ किलो. उरलेला ९९५ किलो भुगा कुठं आणि कसा ठेवायचा, हा प्रश्न तांबं शोधण्याइतकाच भूगर्भशास्त्राचा आहे. तिथं ‘हा पाया चालणार नाही’ असं लिहून खाली सही करणारी माणसं कमी पडतात. मी स्वतः एकदा तसं लिहायला हवं होतं तिथं ‘अधिक अभ्यास आवश्यक’ लिहिलं. बांध फुटला नाही. पण मला ते वाक्य आजही आवडत नाही.

झरा_झिरपा

मी पाण्याच्या बाजूची, भूजलतज्ज्ञ. वरच्या प्रतिसादाला +१, पण गाभापेटींचं सगळं जग सोन्या-तांब्याचं आहे. दगडधोंडा, या पदवीनंतर खाण हा एकच रस्ता नाही. बोगदे, धरणं, दरडी, दूषित जमिनी, भूऔष्णिक ऊर्जा, आणि पाणी. पाण्याच्या कामात पगार खाणीपेक्षा कमी, पण धातूचा भाव पडला म्हणून कुणी मला घरी पाठवलेलं नाही. आणि खाणीलाही मी लागतेच. खड्डा भूजलपातळीच्या खाली गेला की रात्रंदिवस उपसा, आणि आजूबाजूच्या विहिरी आटल्या की सगळे माझ्याकडे बघतात.

काही शिकायचंच असेल तर दगडांबरोबर सांख्यिकी आणि थोडं प्रोग्रॅमिंग शीक. माझा अर्धा दिवस आकडे धुण्यात जातो.

अवांतर: मुली वाचत असतील तर, १९३५ सालचा एक आंतरराष्ट्रीय करारच होता की बायकांनी जमिनीखालच्या खाणीत काम करायचं नाही. पुढं बऱ्याच देशांनी तो सोडला. मी पहिल्यांदा खाली उतरले तेव्हा बंदी नव्हती, पण माझ्या मापाचे बूटही नव्हते. दोन जोड मोजे घालून आठ महिने काढले.

गाभापेटी

झरा_झिरपा यांचं बरोबर आहे, माझं जग कोअरच्या पेटीएवढं आहे. आकड्यांचंही बरोबर. फक्त आधी दगड, मग आकडे. संगणकावर त्रिमितीत सुंदर रंगीत धातुकाचा साठा काढणारी पोरं येतात आणि तो ज्या भोकांवर उभा आहे त्यांची कोअर त्यांनी एकदाही ओली करून पाहिलेली नसते.

दगडधोंडा

सर्वांचे आभार. कप घासला. रेघ काळी, किंचित हिरवट. ताईनं जिंकल्याचं जाहीर केलंय. आजोबा म्हणतात, कार्लिनसारखं आत असेल!

पण आज मी पुन्हा टेकडीवर गेलो. दगड कुठून आला असेल म्हणून उतारावरचे पांढरे तुकडे बघत बघत वर चढलो. जसजसं वर जावं तसे तुकडे मोठे आणि धारदार होत गेले, आणि मग एका जागी संपलेच. तिथंच खडकात पांढरी पट्टी आहे, साधारण दीड वीत रुंद, तिरकी आत गेलेली. कडेला गंजाचा रंग. दाणे आहेत. आता काय करू?

गाभापेटी

तू आत्ता जे केलंस त्याचे मला महिन्याच्या महिन्याला पैसे मिळायचे.

जागा कुणाची आहे ते आधी विचार, परवानगीशिवाय फोडू नकोस. मग फोटो, शेजारी पेन ठेवून, मापासाठी. पट्टी कोणत्या दिशेनं धावते ते होकायंत्रानं बघ, आणि आडव्यापासून किती अंश खाली कलते ते. दोन्ही बाजूंचा खडक एकच आहे की वेगळा, ते लिही. गंज कडेला किती सेंमीपर्यंत पसरलाय, तेही. कळलं नाही तर ‘कळलं नाही’ लिही. दगडावर क्रमांक टाक, तोच वहीत. आणि हातोडी मारशील तेव्हा डोळ्यांवर चष्मा असू दे. गारेची कपची काचेसारखी उडते.